जीटी १०३० आणि दोन पडदे : टक्क्यांआधी क्लॉक बघा

मालवणपासून गुहागरपर्यंत लॉजच्या काउंटरवर हल्ली दोन पडदे दिसतात. एकावर बुकिंगचं पान, व्हॉट्सॲप वेब आणि बिलाचं सॉफ्टवेअर. दुसरा पडदा म्हणजे भिंतीवरचा ४३ इंची टीव्ही, त्यावर गेट, पार्किंग, जिना, स्वयंपाकघर असे कॅमेऱ्यांचे १६ चौकोन. ई-सेवा केंद्रात एकीकडे पोर्टल असतं, दुसरीकडे स्कॅन केलेला सातबारा. फ्लेक्सवाल्याकडे एका पडद्यावर कोरल ड्रॉ आणि दुसऱ्यावर गिऱ्हाइकाला दाखवायचं डिझाइन. अशी मशीन उघडली की आत हमखास सापडणारं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यांना चित्र पुरवणारं कार्ड, हे एनव्हिडियाचं जीफोर्स जीटी १०३०. आणि हमखास येणारी तक्रार अशी : "ह्यां टास्क मॅनेजरात नव्वद टक्के दाखयता, कार्ड गेलां काय?"

बहुतेक वेळा कार्ड गेलेलं नसतं. पण दुकानदार नवं कार्ड सुचवतो, मालक घेतो, आणि नव्या कार्डावरही आकडा तसाच राहतो. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. म्हणून या परीक्षणात कार्डाचे गुणदोष तर आहेतच, पण तो आकडा का चढतो आणि कुठे बघितलं की कळतं, हे जास्त आहे.

आधी कार्ड. जीटी १०३० मे २०१७ मध्ये आलं. ३८४ कुडा कोअर (हिशेब करणारे बारीक भाग), २ जीबी मेमरी, ६४ बिटचा मेमरी मार्ग, ३० वॉट. वेगळी पॉवर केबल लागत नाही, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच भागतं, त्यामुळे जुन्या कॅबिनेटमधल्या साध्या एसएमपीएसवरही (पॉवर सप्लायवरही) चालतं. लो-प्रोफाइल पट्टी मिळते, म्हणजे बारीक कॅबिनेटमध्येही बसतं. एच.२६४, एच.२६५ आणि व्हीपी९ या पद्धतींनी दाबून साठवलेले व्हिडिओ कार्ड स्वतः उलगडतं (डिकोड करतं). एव्ही१ उलगडत नाही. व्हिडिओ दाबून साठवणारा एन्कोडर तर मुळातच नाही, म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा लाइव्ह स्ट्रीमिंगचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ते काम असेल तर हे कार्ड बघूच नका.

यातली मेख दुसरीच आहे. २०१८ मध्ये याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं. मूळच्या जीडीडीआर५ कार्डाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी हलवते, डीडीआर४ वालं १६.८ जीबी. नाव एकच, खोकं तसंच, वेग जेमतेम एक तृतीयांश. खोक्यावर किंवा मॉडेल नंबरमध्ये 'डी४' किंवा '२जीडी४' दिसलं तर ते खाली ठेवा. कार्ड आधीच बसवलेलं असेल तर जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडा, 'मेमरी टाइप' आणि 'बँडविड्थ' या दोन ओळी वाचा. त्याच खिडकीत कार्डाच्या नावाआधी 'फेक' असं आलं, तर नाव बदललेलं जुनं कार्ड गळ्यात मारलंय असं समजा. कुरिअरने मागवलेल्या स्वस्त मालात हे घडतं, आणि अशा कार्डाचं ट्रबलशूटिंग करत बसू नये, परत पाठवावं.

निकाल आधीच सांगायचा तर : १०८० पिक्सेलचे, ६० हर्ट्झचे (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारे) दोन पडदे आणि ऑफिसचं काम असेल तर जीडीडीआर५ वालं जीटी १०३० आजही पुरतं. डीडीआर४ वालं एका पडद्यालाच ठीक. तीन पडदे हवे असतील तर दोन्ही नको, कारण कार्डाला पोर्टच दोन असतात.

आता तो नव्वदचा आकडा.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली (जीपीयू म्हणजे कार्डावरची ग्राफिक्स चिप) दिसणारी टक्केवारी ही कार्डाच्या पूर्ण ताकदीची टक्केवारी नाही. कार्डात वेगवेगळे विभाग असतात : ३डी, कॉपी, व्हिडिओ डिकोड वगैरे. त्यातला जो विभाग सगळ्यात जास्त व्यग्र असेल, त्याचा आकडा वर दिसतो. शिवाय व्यग्र म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या क्लॉकवर, म्हणजे चिपच्या चालण्याच्या वेगावर, व्यग्र. जीटी १०३० चा बूस्ट क्लॉक, म्हणजे भाराखालचा वरचा वेग, १४६८ मेगाहर्ट्झ आहे. काम नसताना कार्ड वीज वाचवायला तो दोनशेच्या आसपास आणून ठेवतं. समजा क्लॉक २०० वर आहे आणि आकडा ७० टक्के दाखवतोय, तर पूर्ण ताकदीच्या हिशेबात तो दहा टक्केही भरत नाही. रिकाम्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये चाललेल्या रिक्षाचं इंजिन घुमतंय म्हणून रिक्षा घाट चढतेय असं होत नाही.

म्हणून पहिली तपासणी अशी. मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटं थांबा, सगळं बंद करा, दोन्ही पडदे चालू ठेवा. एनीडेस्कसारखं दुरून जोडणारं सॉफ्टवेअरही बंद हवं. मुंबईत बसलेला तंत्रज्ञ एनीडेस्कवरून जोडून घेतो आणि 'आकडा जास्त आहे' म्हणतो, तेव्हा पडद्याची सतत प्रत काढण्याचा भार त्यानेच टाकलेला असतो. मग जीपीयू-झेडच्या 'सेन्सर्स' टॅबमध्ये जा आणि सहा ओळी बघा : जीपीयू क्लॉक, मेमरी क्लॉक, जीपीयू लोड, मेमरी कंट्रोलर लोड, व्हिडिओ इंजिन लोड, बस इंटरफेस लोड. माउस हलवू नका. माउस फिरवला तरी लोड उडी मारतो, ते साहजिक आहे.

जीपीयू लोड जास्त पण दोन्ही क्लॉक तळाला, तापमानही खोलीपेक्षा पंधरा-वीस अंशच वर : काही बिघडलेलं नाही. टास्क मॅनेजर मिटा आणि कामाला लागा. अर्ध्याहून अधिक वाद इथेच मिटायला हवेत.

लोड थोडाच, पण मेमरी क्लॉक मात्र १५०२ वर चिकटलेला, तासभर थांबलं तरी खाली येत नाही, हा दुसरा प्रकार. दोन पडद्यांच्या मशीनवरचा हाच खरा आजार, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मेमरीचा क्लॉक बदलताना क्षणभर मेमरीतून वाचन थांबतं. पडद्याला तर दर सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवायचं असतं. त्यामुळे एक फ्रेम संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या बारीक मोकळ्या वेळात ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) हे काम उरकतो. एक पडदा असेल तर सोपं. दोन्ही पडदे सारखेच असतील, तरी मोकळ्या वेळा जुळवता येतात. पण एक ६० हर्ट्झचा आणि दुसरा ७५ किंवा १०० चा असेल तर त्या वेळा कधी जुळतात, कधी नाही. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर रुळाचं काम काढायचं तर दोन्हीकडून गाडी नसलेला वेळ लागतो. तो मिळाला नाही की काम पुढे ढकललं जातं. ड्रायव्हरही तेच करतो : पडदा लुकलुकण्यापेक्षा क्लॉक वरच ठेवलेला बरा.

आपल्याकडे हे सर्रास होतं, कारण पडदे जोडीने घेतले जात नाहीत. दहा वर्षांपूर्वीचा व्हीजीएवाला ६० हर्ट्झचा मॉनिटर तसाच ठेवतात आणि शेजारी नवा १०० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर आणून लावतात. उपाय एका मिनिटाचा. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. वर पडदा निवडा, खाली रिफ्रेश रेट ६० करा. आता जीपीयू-झेडकडे बघत राहा. अर्ध्या मिनिटात मेमरी क्लॉक ४०५ च्या आसपास घसरला, तर कारण सापडलं. ऑफिसच्या कामाला १०० हर्ट्झचा तसा काही उपयोग नाही, दोन्ही ६० वर ठेवून द्या. '५९.९४' आणि '६०' असे दोन पर्याय दिसले तर दोन्हीकडे एकच निवडा. टीव्ही जोडलेला असेल तर हा घोळ नक्की असतो.

तेवढ्याने क्लॉक खाली आला नाही तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज ३डी सेटिंग्ज' उघडा आणि 'पॉवर मॅनेजमेंट मोड' बघा. तिथे 'प्रेफर मॅक्झिमम परफॉर्मन्स' असेल तर 'नॉर्मल' करा. गेम खेळणाऱ्या भाच्याने सुट्टीत येऊन हे बदललेलं असतं. तरीही नाही, तर एकेक प्रोग्रॅम बंद करत जा. हलणारा वॉलपेपर, रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर, कोपऱ्यात बसलेलं गेम लाँचर, यातलं कुठलंही एक कार्डाला जागं ठेवायला पुरतं.

विंडोज १० ची २०२० च्या मे महिन्याआधीची आवृत्ती अजून कुठे चालू असेल तर वेगवेगळ्या रिफ्रेश रेटच्या पडद्यांचा घोळ त्यात जास्त होतो. त्या महिन्यात आलेल्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून तो बराच सुधारला. 'विनव्हर' टाइप करून आवृत्ती बघता येते.

तिसरा प्रकार लॉजच्या टीव्हीचा, आणि इथे कार्ड खरोखर दमतं. हिशेब करू. १०८० पिक्सेलचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ८.३ एमबी. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे सुमारे ५०० एमबी, तेही फक्त पडद्याकडे पाठवायला. चित्र बनवताना तेच पुन्हापुन्हा वाचलं-लिहिलं जातं, ते वेगळं. आता टीव्ही ४के असेल तर विंडोज त्याला आपणहून ३८४० गुणिले २१६० वर लावतो. सगळं चौपट : नुसत्या पाठवण्यालाच सेकंदाला २ जीबी. त्यावर १६ कॅमेऱ्यांची १६ हलती चित्रं, प्रत्येक उलगडायची, लहान करायची, जागेवर बसवायची. १६.८ जीबीच्या डी४ कार्डाची इथे दमछाक होते. आकडा शंभरवर जातो, टीव्हीवरची माणसं अडखळत चालतात, आणि काउंटरच्या पडद्यावर बिलाची खिडकी ओढली तर मागे सावली सोडत येते.

इथे दोन गोष्टी करा. टीव्हीचं रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० करा. सोळा चौकोनांच्या जाळीत प्रत्येक कॅमेऱ्याला ४८० गुणिले २७० एवढीच जागा मिळते, काउंटरवरून बघणाऱ्याला ४के चा फरक दिसत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जाळीसाठी 'मेन स्ट्रीम' ऐवजी 'सब स्ट्रीम' निवडा. बहुतेक आयपी कॅमेरे दोन प्रवाह पाठवतात, एक पूर्ण आकाराचा, एक छोटा. ४८० च्या चौकोनात बसवण्यासाठी १०८० पिक्सेलचा प्रवाह उलगडणं म्हणजे दोन नारळांसाठी टेम्पो बोलावणं. छोटा प्रवाह ६४० गुणिले ३६० किंवा ४८० च्या आसपास ठेवा, सेकंदाला १०-१२ फ्रेम पुरतात. चौकोनावर डबलक्लिक केल्यावर मेन स्ट्रीम येईल, असं सेटिंग बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं. रेकॉर्डिंग एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यावर) पूर्ण आकारातच होत राहतं, त्याला यातून धक्का लागत नाही. ही शंका प्रत्येक मालक विचारतो.

याच सॉफ्टवेअरमध्ये 'हार्डवेअर डिकोडिंग' चालू आहे का तेही बघा. ते बंद असेल तर जीपीयू-झेडमध्ये व्हिडिओ इंजिन शून्यावर असतं आणि प्रोसेसर तापलेला असतो. चालू केल्यावर व्हिडिओ इंजिन चढतं, प्रोसेसर उतरतो. टास्क मॅनेजरवर जीपीयूचा आकडा वाढलेला दिसेल, आणि ते चांगलंच आहे. ज्या कामासाठी कार्ड घेतलं ते काम ते करतंय.

सगळ्यात सोपी वाट मात्र अशी की टीव्हीला संगणकच जोडू नका. एनव्हीआरच्या मागे एचडीएमआय असतंच, तिथून सरळ केबल टाका.

चौथा प्रकार मेमरी भरण्याचा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये जीपीयूखाली 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' असे दोन आकडे असतात. कार्डाचे २ जीबी भरले की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि स्लॉटमधून ये-जा करू लागतो. जीटी १०३० स्लॉट पूर्ण भरणारं दिसलं तरी त्याच्या फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) जोडलेल्या असतात. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या स्लॉटवर त्यातून सेकंदाला जेमतेम ४ जीबी जातात. एच६१ किंवा एच८१ चिपसेटचे जुने मदरबोर्ड २.० वाले आहेत, तिथे २ जीबी. सगळ्या कोकणात अजून हे बोर्ड ढिगाने चालू आहेत. लक्षण : डेडिकेटेड १.८ च्या वर, शेअर्ड हळूहळू फुगतंय, बस इंटरफेस लोड (स्लॉटमधली ये-जा) चढलेला, आणि कोरलमधून क्रोमवर गेलं की दोन सेकंद पडदा गोठतो. फ्लेक्सच्या दुकानात गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात हे रोज दिसेल, कारण २० बाय १० फुटांची फाइल, फोटोशॉप आणि क्रोमचे चाळीस टॅब एकदम उघडे असतात.

यावर सेटिंगचा उपाय अर्धवटच आहे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो. मथळ्यावर राइट क्लिक करून 'जीपीयू मेमरी' हा रकाना जोडा आणि सगळ्यात खादाड टॅब बंद करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली 'यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' असतं, ते बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो तपासणीपुरता ठीक. ते बंद केल्यावर आकडा पडला तर दोष ब्राउझरकडे आहे एवढं कळतं, पण कायमचं बंद ठेवलं तर व्हिडिओचा भार प्रोसेसरवर पडतो आणि जुना आय३ त्याखाली दबतो. यूट्यूब अडखळत असेल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. 'कोडेक्स'च्या ओळीत एव्ही०१ असेल तर तो व्हिडिओ हे कार्ड उलगडूच शकत नाही. व्हीपी०९ असेल तर कार्डावर खुशाल सोडा.

'डेस्कटॉप विंडो मॅनेजर' नावाची प्रक्रिया यादीत वर दिसली की लोक घाबरतात. ती विंडोजचीच आहे, सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणं हे तिचं काम, बंद करता येत नाही. पडदे दोन म्हणजे तिचं काम दुप्पट. ती सतत २०-३० टक्क्यांवर आणि क्लॉकही वर असेल तरच लक्ष द्या. ती स्वतःहून काम काढत नाही, कुणीतरी सतत काहीतरी हलवत असतं म्हणून ती धावते. फिरणारी जाहिरात असलेलं पान दुसऱ्या पडद्यावर उघडं राहिलेलं असतं, नाहीतर शेअर बाजाराचे हलते तक्ते. पर्सनलायझेशनमधले 'ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स' बंद केले की थोडा फरक पडतो. अचानक चढलेली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा : पडदा क्षणभर काळा होतो, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडं काम तसंच राहतं.

इथे इंटरनेटवर विंडोजच्या रजिस्ट्रीचा (आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीचा) एक उतारा फार फिरतो, 'ओव्हरलेटेस्टमोड' ही किंमत ५ करण्याचा. त्याने मल्टिप्लेन ओव्हरले, म्हणजे व्हिडिओ वेगळ्या थरात मांडण्याची सोय, बंद होतं. व्हिडिओच्या वेळी पडदा लुकलुकत असेल तर त्याचा उपयोग होतो. पण करण्याआधी 'डीएक्सडायग' हे विंडोजचं तपासणीचं साधन चालवा, 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन'ने मजकूर साठवा आणि त्यात 'एमपीओ मॅक्सप्लेन्स' शोधा. तिथे १ असेल तर ती सोय तुमच्या पडद्यावर चालूच नाही, मग बंद काय करणार?

एका प्रकाराबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. रात्री कुणी बसलेलं नसताना पंखा घुमतो, टास्क मॅनेजर उघडला की आकडा झटकन पडतो, बंद केला की पुन्हा चढतो. हे दोन पडद्यांचं दुखणं नव्हे. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला मायनर (क्रिप्टो नाणी काढणारा छुपा प्रोग्रॅम) तुमच्या विजेवर दुसऱ्याचं नाणं पाडतोय. जीपीयू-झेडच्या 'सेन्सर्स'मध्ये 'लॉग टू फाइल' चालू करून रात्रभर ठेवा, सकाळी फाइल बघा. सापडला तर एकेक फाइल पुसत बसू नका. डेटा काढून घ्या, विंडोज नव्याने टाका, आणि ज्या पेनड्राइव्हवरून ते सॉफ्टवेअर आलं तो पुन्हा लावू नका.

पोर्टांबद्दल. जीटी १०३० वर साधारणपणे एक एचडीएमआय आणि एक डीव्हीआय-डी, किंवा एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशी जोडी असते. डीव्हीआय-डी मध्ये ॲनालॉग सिग्नल नसतो, त्यामुळे स्वस्तातला डीव्हीआय ते व्हीजीए जोड त्यावर चालत नाही. दुकानात नेमका तोच हातात देतात, आणि त्याच्या चार जादा पिना घुसत नाहीत म्हणून कुणीतरी पक्कडने मोडतं. आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या. जागेवरच हा वाद संपवायचा म्हणून दुकानदार दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडून देतो. पडदा लागतो, पण मग कार्डावर बनलेलं चित्र दुसऱ्या बाजूला नकलून न्यावं लागतं. टास्क मॅनेजरमध्ये 'कॉपी'चा आलेख चढलेला दिसला आणि दोन्ही जीपीयू यादीत असले, तर केबल कुठे लागलीय ते मागे वाकून बघा.

हीच वाट तीन पडद्यांसाठी मात्र उपयोगी आहे, समजून केली तर. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' चालू करा, तिसरा पडदा बोर्डाला लावा, आणि त्या पडद्यावर राहणारा प्रोग्रॅम सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्समध्ये जाऊन 'पॉवर सेव्हिंग'वर टाका, म्हणजे तो बोर्डाच्याच ग्राफिक्सवर बनेल आणि नक्कल टळेल. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर ही सोय नाही.

आता खरेदीबद्दल. मशीन चौथ्या पिढीच्या इंटेलचं, एच८१ बोर्डाचं असेल तर जीडीडीआर५ वालं जीटी १०३० त्याला खरंच नवं आयुष्य देतं, कारण त्या प्रोसेसरला एच.२६५ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. मशीन बाराव्या पिढीच्या आय३-१२१०० चं असेल तर हे कार्ड घेऊच नका. त्यातलं ग्राफिक्स एव्ही१ सुद्धा उलगडतं आणि दोन पडदे आरामात सांभाळतं. फक्त बोर्डावर दोन डिजिटल पोर्ट आहेत ना ते बघा. तीन पडद्यांसाठी एनव्हिडियाचं टी४०० बघावं : तेही ३० वॉटचं, बारीक, तीन मिनी-डिस्प्लेपोर्टचं. ४ जीबीवालं घ्या आणि मिनी-डिस्प्लेपोर्टचे जोड खोक्यात आहेत का ते दुकानातच उघडून बघा, नाहीतर त्यासाठी पुन्हा रत्नागिरीची एसटी धरावी लागते. दर इथे देत नाही, तो महिन्याभरातही हलतो.

ड्रायव्हरचंही आयुष्य मोजून आहे. जीटी १०३० ज्या पिढीचं आहे त्या पास्कल पिढीच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या सुधारणा बंद, फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत. ड्रायव्हर नव्याने टाकायचा तर आधी डाउनलोड करून ठेवा, मग नेटची केबल काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना साफ करा, आणि मगच टाका. केबल काढायची कारण नाहीतर मधल्या मधे विंडोज अपडेट स्वतःच्या मनाने एक ड्रायव्हर आणून बसवतो.

राहिला समुद्र. या कार्डाचं बिनपंख्याचं मॉडेल शांत असतं, पण बंद कपाटात ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये घेऊ नका. पंखेवाल्याच्या बारीक पंख्यात खारी ओल आणि धूळ मिळून चिखल होतो, पावसाळ्यानंतर एकदा ब्रशने काढावा लागतो. किनाऱ्यालगत कार्डाच्या सोनेरी पिनांवर आणि एचडीएमआयच्या तोंडावर मळकट थर धरतो. लक्षण असं : पडदा मधूनच जातो, येतो, 'टुंग' असा आवाज होतो, सगळ्या खिडक्या एका पडद्यावर गोळा होतात, आणि त्या वेळी जीपीयूचा आकडा उसळतो. ड्रायव्हरला दोष देण्याआधी मशीन बंद करा, प्लग काढा, कार्ड काढून पिनांवर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, परत बसवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्प्ले'च्या नावे ४१०१ क्रमांकाच्या नोंदी रोज येत असतील आणि सफाईनंतरही थांबत नसतील, तर मात्र कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही तसंच झालं तर कार्ड खरोखर गेलंय. आणि मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. कॅमेऱ्यांच्या लांब तारांमधून आलेला झटका एनव्हीआरमार्गे एचडीएमआयने आत शिरतो, तेव्हा ती केबलही उपसून ठेवा.